मोत्याची मोरी

डॅशहंड ही जात जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी जमिनीखाली काम करण्यासाठी घडवली आणि आमचं घर नवीन पनवेलात चौथ्या मजल्यावर आहे. भांडणाचं मूळ एवढंच. बाकीचा तपशील फरशी पुसण्याचा.

बॅजर नावाचा एक दणकट, चावरा प्राणी बीळ करून राहतो. त्याला बिळात शिरून गाठायचं तर पाय आखूड हवेत, धड लांब हवं, माती उपसायला भक्कम पंजे हवेत आणि भुंकणं असं हवं की जमिनीखालून वरच्या माणसाला ऐकू यावं. शिकाऱ्यांनी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या निवडून जमवलं. त्याबरोबर आणखी एक गुण आपोआप आला. कुत्रा बिळात शिरला की मालक वरच राहतो. पुढे जायचं की मागे सरायचं, हे काळोखात त्यानं एकट्यानं ठरवायचं असतं. दर पावलाला "साहेब, आता काय करू?" असं विचारायला वर येणारा कुत्रा या धंद्यात टिकणं शक्यच नव्हतं. तेव्हा माणसाचं न ऐकणं ही या जातीची खोड नव्हे, नोकरीची पात्रता आहे. ती आमच्या कुत्र्याकडे पुरेपूर आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह वाल्डी नावाचा डॅशहंड होता. तिथल्या मॅरेथॉनचा रस्तासुद्धा नकाशावर डॅशहंडच्या आकाराचा आखला होता. जगभरचे धावपटू ज्याच्या आकृतीवरून बेचाळीस किलोमीटर धावले, त्याचा हा भाऊबंद लिफ्टपासून सोसायटीच्या गेटपर्यंत चालायला तयार नसतो.

लेकीनं त्याचं नाव ऑस्कर ठेवलं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्या दिवसापासून त्याला मोत्या म्हटलं. त्यांच्या माहेरी कुत्र्याचं नाव मोत्याच असायचं. एक मोत्या गेला की दुसरा मोत्या येई, नाव तेवढं घरात राही. कुत्र्यानं दोन्ही नावांना सारखाच मान दिला आहे, म्हणजे तो कशालाच ओ देत नाही. फ्रिजचं दार उघडलं की मात्र बिननावाचा येतो.

पिल्लू आणलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लसी पूर्ण होईपर्यंत ह्याला खाली न्यायचं नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग लहान पिल्लांना पटकन गाठतात. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोही असतो, तो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो. दोन, शी-शूची सवय आत्तापासून लावा, कारण कुठल्या पृष्ठभागावर मोकळं व्हायचं ही आवड पिल्लाच्या मनात आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारासच पक्की व्हायला लागते. थोडक्यात, बाहेर नेऊ नका आणि बाहेर जायची सवय लावा. अशा पेचातून मराठी घरं नेहमी जो मार्ग काढतात तोच आम्ही काढला. रद्दीतले पेपर अंथरले.

पिल्लाला जेवढे महिने झाले असतील त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते कळ काढू शकतं, असा एक ठोकताळा आहे. दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन तास. लहान जातीच्या इवल्याशा मूत्राशयाला हा हिशेबही उदारच म्हणायचा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला पेपरवर नेऊन उभं करायचं. आता पिल्लू या तीन गोष्टींखेरीज चौथं काही करतच नाही. म्हणजे दिवसभर घरातलं एक माणूस पिल्लू हातात धरून पेपरकडे धावतंय, असं दृश्य.

पण पेपरचा धडा त्यानं चटकन घेतला. इतका चटकन, की आम्ही फोन करकरून नातेवाइकांना सांगितलं. मग एका संध्याकाळी आईंनी हॉलच्या दारात पेपर पसरला, त्यावर मेथीची जुडी सोडली आणि चष्मा पुसायला घेतला. मोत्या आला. आपल्यासाठी कुणीतरी आज जास्त पानांची, हिरवळ लावलेली जागा करून ठेवली आहे, हे पाहून त्याला समाधान वाटलं असावं. आईंनी जुडी टाकली, पेपर टाकला आणि कुत्रा कुठे टाकायचा ते विचारलं. पुढे जमिनीवर सपाट पडलेला कुठलाही कागद त्यानं वर्तमानपत्रातच धरला. लेकीचं प्रॅक्टिकलचं जर्नल, विजेचं बिल, माझ्या मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेवर जिथे सहकुटुंब येण्याचं करायचं असतं, बरोबर तिथेच.

लसीचा शेवटचा डोस झाला आणि पाऊस सुरू झाला. पनवेलचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते, की समुद्रावरून आलेले ढग माथेरान-प्रबळगडाच्या रांगेला अडतात आणि सगळा राग पायथ्याशी काढतात. डॅशहंडचं पोट आणि जमीन यांत अंतर चार बोटं. आपण ज्याला ओलसर रस्ता म्हणतो ते त्याच्या दृष्टीनं पोटाचं स्नान असतं. छत्री त्याच्या डोक्यावर धरली तर पाऊस तेवढा थांबतो, खालचं डबकं थांबत नाही. तो लिफ्टमधून उतरायचा, पोर्चच्या कडेला उभा राहून पाण्याकडे बघायचा आणि वळून पुन्हा लिफ्टपाशी जायचा. वर आला की दाराबाहेरच्या पायपुसण्यावर पाय हलकेच पुसायचा आणि तिथेच मोकळा व्हायचा. पायपुसणं शेजारच्यांचं होतं, हे त्यातल्या त्यात आमचं नशीब. शेजारच्या काकू भल्या. त्यांनी आपलं पायपुसणं आत घेतलं आणि बाहेर तुळशीची कुंडी ठेवली, तेव्हा आम्हाला त्यांचं म्हणणं समजलं.

बक्षीस द्यावं, शिक्षा करू नये, हे हल्ली सगळेच सांगतात. त्यातली गोम वेळेत आहे. बक्षीस त्या क्षणी, फार तर एक-दोन सेकंदांत कुत्र्याच्या तोंडात पडायला हवं, नाहीतर ते कशाचं हे त्याला उमगत नाही. आईंचं बक्षीस तूप लावलेल्या पोळीचं आणि ते स्वयंपाकघरात. मोत्यानं खाली काही चांगलं केलं की वर आल्यावर त्याला पोळी मिळे. त्यानं त्याचा अर्थ काढला की पोळी वर येण्याबद्दल आहे. मग त्यानं कामातली सुधारणा केली. खाली जायचं, काही न करता लगेच वळायचं आणि चौथ्या मजल्यावर येऊन पोळीची वाट बघत बसायचं. सरकारी दौऱ्यांचा भत्ता असाच सुरू झाला असेल का, असा प्रश्न माझ्या नवऱ्याला पडला.

तो स्वतः शिक्षेच्या पक्षाचा. फरशीकडे बोट करून मोठ्या आवाजात "हे काय आहे?" असं विचारायचा. मोत्या कान पाडून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत, शेपूट पोटाखाली घेऊन बसायचा. "बघ, त्याला कळतं," असं नवरा विजयानं म्हणायचा. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं २००९ मध्ये नेमकी हीच चौकशी १४ कुत्र्यांवर करून पाहिली. मना केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो अपराधी चेहरा गुन्ह्याप्रमाणे येत नव्हता, रागावण्याप्रमाणे येत होता. उलट काहीही न खाल्लेल्या आणि तरी बोलणी बसलेल्या कुत्र्याचा चेहरा सगळ्यांत अपराधी दिसला. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं कान पाडले नाहीत, पण चेहरा साधारण तसाच केला. त्याला आठवी-नववीतले मास्तर आठवले असावेत.

पुसण्याचंही शास्त्र आहे. फिनाईल टाकलं की आपल्याला जागा स्वच्छ वाटते, कारण आपल्या नाकाला दुसरं काही कळेनासं होतं. कुत्र्याच्या नाकाला फिनाईलचा वास येतो, अधिक त्याखालचा आपला स्वतःचाही येतो. अमोनियाचं क्लीनर तर आणखी वाईट, कारण मुतातही शेवटी अमोनियाच होतो. ते टाकणं म्हणजे जागेवर पाटी लावणं. खरा उपाय एन्झाइमवाल्या द्रावणाचा, तो युरिक ॲसिडचं विघटन करून वासच मोडतो. तो आम्ही केला आणि उपयोगही झाला. आतल्या खोल्या सुटल्या, स्वयंपाकघर सुटलं, पॅसेज सुटला. राहिला हॉल. रोज नवी जागा, पण हॉलमध्येच. एन्झाइमचा डबा संपला, हॉल संपेना.

इथे थोडं मागे जावं लागेल. जन्मल्यावर पहिले तीनेक आठवडे पिल्लाला आपण होऊन शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते आणि तीच सगळं साफ करते. पाय फुटले की पिल्लू पहिलं शहाणपण दाखवतं ते हे, की झोपायच्या जागेपासून दूर जाऊन करायचं. हे त्याला कुणी शिकवत नाही. कुत्र्याला घराची सवय लावायची म्हणजे नवं काही शिकवायचं नसतं. झोपायची जागा म्हणजे सगळं घर, एवढंच त्याला पटवायचं असतं. आणि पटवताना तो पुरावा मागतो.

आमचा पुरावा कच्चा होता. हॉलमध्ये सोफा आहे, त्यावर कव्हर आहे. काचेचं शोकेस आहे, त्यात कुणी कधी न वापरलेला टी-सेट आहे. टीव्ही बेडरूममध्ये गेल्याला बरीच वर्षं झाली. लेक तिच्या खोलीत, नवरा लॅपटॉप घेऊन पलंगावर, आई स्वयंपाकघरालगतच्या त्यांच्या खुर्चीत. जेवणंही आत, ओट्याजवळच्या टेबलाशी. हॉल पाहुण्यांसाठी. पाहुणे हल्ली फोनच्या पडद्यावर येतात, हात हलवतात आणि जातात. प्रत्यक्षात त्या खोलीतून आम्ही दिवसातून दहादा चपला घालून किंवा काढून जात होतो, पण थांबत नव्हतो. मोत्यानं दोन महिने बारकाईनं पाहिलं, की इथे कुणी बसत नाही, कुणी खात नाही, कुणी निजत नाही, सगळे नुसते येतात-जातात. आणि त्यानं त्या जागेची नोंद रस्ता म्हणून केली. रजिस्ट्रीत आम्ही कारपेट एरियाचे पैसे भरले होते ते त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तिथे राहायला जा." त्याचं जेवण हॉलमध्ये द्यायचं, अंथरूण हॉलमध्ये, खेळणं हॉलमध्ये आणि शक्य तर माणसंही हॉलमध्ये. आम्ही गेलो. सोफ्याची कव्हरं निघाली, तेव्हा सोफा मूळचा कुठल्या रंगाचा होता यावर मतभेद झाला. हॉल आपण का सोडला होता तेही लगेच आठवलं. पंखा दोनवर की चारवर, आईंची मालिका की लेकीचा हेडफोन, खिडकी उघडी की बंद. मोत्या या सगळ्याच्या मधोमध झोपायचा. त्याला वाद चालायचा. वाद चाललाय म्हणजे इथे लोक राहतात. आठवडाभरात हॉलमधली शू थांबली. पुढे नवरा कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याच्या पलंगाची बाजू ओस पडलेली मोत्याच्या ध्यानात आली. पण ते खासगी आहे.

आईंना यातल्या कशाचंच नवल वाटलं नाही. त्यांचं माहेर जुन्या पनवेलातलं. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, त्यांचा वाडा तिच्याहून जुना असं त्या सांगतात. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे विहीर आणि परस. तिथला मोत्या ओटीवर चढत नसे. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवण्यासारखं काही नव्हतं. त्याला अंगण होतं, गल्ली होती, वडाळे तलावाचा काठ होता. आणि माणसंही परसातच जायची. रात्री-अपरात्री कंदील घेऊन, पावसात डोक्यावर इरलं घेऊन. लग्न होऊन त्या सिडकोच्या घरात आल्या, तेव्हा निजायच्या खोलीला लागूनच संडास पाहून त्यांना कसंसंच झालं होतं. जिथे झोपायचं, तिथून चार पावलांवर हे? "तेव्हा माझं कुणी ऐकलं नाही," त्या म्हणतात. "आता कुत्रा तेच सांगतोय, तर त्याला पनीर देऊन समजावताय."

मला त्यांचं म्हणणं आवडतं, पण त्या परसाबद्दल आणखी एक गोष्ट आहे. तिथले संडास टोपल्यांचे होते. टोपली उचलून नेणारी माणसं मागच्या बोळातून यायची आणि तिथूनच जायची. घराचं सोवळं त्यांच्या डोक्यावरून वाहून नेलं जात होतं. ती प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, पुन्हा २०१३ मध्ये झाला. एकाच गोष्टीला दोनदा कायदा करावा लागतो, यावरून हट्टी कोण हे कळावं. घाण उंबऱ्याबाहेर गेली की संपली, हे आपण फार मन लावून शिकलेलो आहोत. सकाळी सोसायटीतली चांगली शिकली-सवरलेली माणसं आपापले कुत्रे दुसऱ्याच्या गेटसमोर उभे करून आकाशाकडे बघत असतात. भारतीय पशु कल्याण मंडळानं २०१५ मध्ये सूचना काढल्या. त्यांत सोसायट्यांना कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं आहे. ते कलम सगळ्या कुत्रेवाल्यांना पाठ असतं. मागचं उचलायची अपेक्षाही त्याच सूचनांत आहे, तिथपर्यंत वाचन पोचत नाही. मी पिशवी घेऊन जाते. वॉचमनकाका पहिल्यांदा लगबगीनं पुढे आले आणि म्हणाले, "ताई, राहू द्या, सकाळी झाडूवाली येते ना." मी म्हटलं, "म्हणूनच."

माणसांची शिकवणी तशीही अर्धवटच आहे. हमरस्त्यालगतच्या कुंपणभिंतींवर गणपती, साईबाबा, येशू आणि मक्का-मदिना यांच्या फरशा एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर बसवलेल्या असतात. सर्वधर्मसमभावाचं इतकं साधं कारण दुसरीकडे कुठे सापडायचं नाही.

वयात आल्यावर मोत्या तंगडी वर करायला लागला आणि बाहेर जाण्यात त्याला रस निर्माण झाला. कॉर्नेल विद्यापीठातल्या बेट्टी मॅकग्वायर यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा तंगडी अधिक उंच कोनात उचलतात. खूण जितकी वर, तितका खूण करणारा मोठा असणार, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा म्हणून असेल. मोत्या स्टिल्ट पार्किंगमधल्या सगळ्यांत मोठ्या गाडीच्या टायरपाशी जातो आणि एका बाजूला कलंडेपर्यंत पाय वर नेतो. त्या टायरचा वास घेणारा गल्लीतला कुत्रा चौथ्या मजल्यावर एखादा ग्रेट डेन राहतो असं समजत असेल.

दुसरं काम मात्र असं झटपट उरकत नाही. त्याला जागा लागते, मग त्या जागेवर गोल फिरायला लागतं, मग थांबून पुन्हा उलटं फिरायला लागतं. याचाही अभ्यास झालेला आहे. चेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं ७० कुत्र्यांचा हा विधी होकायंत्र घेऊन पाहिला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापला, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्रे शरीर उत्तर-दक्षिण ठेवणं पसंत करतात. त्याबद्दल त्यांना पुढल्या वर्षी इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक मिळालं. आईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. दिवसा उत्तरेकडे आणि रात्री दक्षिणेकडे तोंड करावं, हे जुन्या स्मृतिग्रंथांत आहे आणि त्यांच्या आजोबांनी ते आयुष्यभर पाळलं होतं. होकायंत्र घेऊन मागे फिरायला त्या काळी कुणी नव्हतं, इतकंच.

या वर्षी पुन्हा पाऊस लागला आणि पुन्हा पोर्चची कड, पुन्हा लिफ्ट. निर्णय आईंनी घेतला. "आपल्याला आत आणलं, मग त्यालाच पावसात कशाला उभं करायचं? त्याला मोरी द्या." पेपर रोज थोडा थोडा न्हाणीघराकडे सरकवायचा, मग आत, मग पेपर लहान करत करत काढून टाकायचा, वर दोन तांबे पाणी. चार मजले आणि एक उंबरठा यांत त्याला उंबरठा मान्य झाला. पोळीचा तुकडा आता आईंच्या हातात दारातच तयार असतो, त्यामुळे वेळही साधते.

अडचण एकच. दोनातलं एक न्हाणीघर लेकीच्या ताब्यात असतं. सकाळी नवरा टॉवेल खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या दाराशी उभा असतो, घड्याळ बघत, कारण त्याला सीएसएमटी लोकल गाठायची असते. आत मोत्या गोल फिरतोय.

"आई, किती वेळ?"

"थांब रे जरा," आई म्हणतात. "त्याची उत्तर अजून ठरली नाहीये."